राहून गेलेली कातरणी

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी म्हणायचो, मालक हयात आहे, त्याला वाईट वाटेल. मग म्हणायला लागलो, आता गावात कोण ते आठवत बसलंय. पण गेल्या हिवाळ्यात गावाकडचा एक गृहस्थ शारजात माझ्या मुलाच्या घरी आला. माझ्यासमोर बसून चहा पिता पिता म्हणाला, "तुमची आपा माणूस चांगली होती, पण धर्मातलं तिला जरा कमीच कळत होतं. त्या जनावराचं तसंच झालं ना?"

मी मान हलवली. हो म्हणून हलवली. तो गेल्यावर मला जेवण गेलं नाही. म्हणून आता लिहायला बसलो आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचा. नोकरी सगळी अमिरातीतल्या फुजैरात, बंदरावर, जहाजांना तेल भरणाऱ्या कंपनीच्या स्टोअरमध्ये गेली. निवृत्त झालो तेव्हा बायको नव्हती, मुलाचा संसार शारजात दोन खोल्यांचा. नातवाशी मराठीत बोललो तर तो "यस दादा, ओके दादा" म्हणून फोनमध्ये मान घालायचा. परत गावी जाऊन काय करू, हा प्रश्न होता. तेव्हा आमच्या कंपनीच्या जुन्या भागीदाराने, एका वयस्क अरबाने, मला आपल्या शेतावर ठेवून घेतलं. इकडे मालकाला अरबाब म्हणतात, मीही तेच म्हणायचो.

शेत फुजैराच्या मागे डोंगरात. खजुराची झाडं, लिंबाच्या चार ओळी, आणि एका बाजूला अल्पाका. अरबाबने ही जनावरं परदेशात कुठेतरी पाहिली आणि मनात भरली म्हणून विमानाने मागवली. घरात उंट असताना हे कशाला, असं त्याचे भाऊ हसून विचारायचे. तो म्हणायचा, उंट बापाचे, हे माझे.

अल्पाका म्हणजे उंटाच्याच कुळातलं, पण छातीएवढं. मान लांब, डोळे मोठे, अंगभर दाट लोकर. जनावर गरीब. चावत नाही, फारच चिडलं तर थुंकतं. दिवसभर नाकातून हुं-हुं असा बारीक आवाज काढत राहतं. थंड डोंगरातल्या या प्राण्याला इथे जगवायचं तर दोन गोष्टी लागतात. शेडमध्ये पंखे आणि कूलर, आणि उन्हाळा सुरू होण्याआधी अंगावरची लोकर उतरवणं. पहिली गोष्ट वीज करते. दुसरी माणसाला करावी लागते.

आपा म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, त्यामुळे मला न्हाऊ घालणारीही तीच आणि मारणारीही तीच. तिला मूल झालं नाही. नवरा गेल्यावर ती गावातल्या घरात एकटी राहायची आणि पडवीत पोरांना कुराण वाचायला शिकवायची. अर्ध्या गावाने अलिफ-बे तिच्यासमोर बसून गिरवलं आहे. ती गोधड्या उत्तम शिवायची. हे मी एकदा सहज अरबाबला सांगितलं. तो लोकरीच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, "यल्ला, बुला लो. इतनी ऊन पडी है, कौन करेगा?" व्हिसाही त्यानेच काढला.

आल्या दिवशी तिने कुंपणाशी उभं राहून जनावरं नीट बघितली आणि मला विचारलं, "उंटाने नि मेंढीने पळून जाऊन निकाह लावला काय रे?"

पहिली लोकर तिने गोधडी धुतात तशी गरम पाण्यात घातली आणि चांगली चुबकली. सगळी घट्ट बसून तिची जाड फळी झाली. मी बोललो, वाया गेली. तिने ती उन्हात वाळवली, चारी बाजूंनी कापली आणि दुपारनंतर असरच्या नमाजेला तीच खाली अंथरली. उठताना म्हणाली, "गुडघ्यांना बरं वाटतं." तिथून तिचं ते काम सुरू झालं. चांगली लांब लोकर कोमट पाण्यात नुसती बुडवून, न हलवता धुवायची, पिंजायची, चातीवर कातायची, आणि तिच्या शाली विणायच्या. आखूड, पोटाखालची लोकर साबणाच्या पाण्यात मुद्दाम मळून तिचे जाड जानमाज, म्हणजे नमाजेची आसनं, करायचे, म्हाताऱ्या माणसांसाठी. पहिला जानमाज अरबाबच्या आईने नेला. मग तिच्या बहिणींनी मागितले. शाली दुबईच्या मीना बाजारातला एक कापडवाला ठेवून घ्यायला लागला. रंग काही द्यावा लागत नसे. पांढरा, बदामी, तपकिरी, काळा, जनावरांचाच.

एकदा ती पिंजत बसली असताना म्हणाली, "इथे मला कुणी बिचारी म्हणत नाही बघ." तपकिरी मादी कुंपणावरून मान काढून तिच्या मांडीवरची लोकर हुंगत होती. आपाने तिला हाताने बाजूला सारलं. "जा गो, तुझीच आहे ती." हे तिचं तिथलं आयुष्य होतं, आणि ते मी मोडलं.

कातरायचं काम माझं. जनावरं घेऊन आलेल्या परदेशी माणसाने पहिल्या वर्षी मला शिकवलं होतं. जाड सतरंजीवर जनावर आडवं करायचं, पुढचे पाय एका दोरीने, मागचे दुसऱ्या दोरीने ताणून बांधायचे, एकाने डोकं धरायचं आणि दुसऱ्याने मशीन चालवायचं. कातडीला चिकटून, एका दमात. लोकर रजईसारखी एकसंध निघाली पाहिजे. आपा डोकं धरायची, जनावराच्या कानाशी काहीतरी पुटपुटत राहायची. मला त्या कामाचा गर्व होता. अरबाबचे पाहुणे ते बघायला येत. "उस्ताद" म्हणत.

मग हात थरथरायला लागले. आधी चहाच्या पेल्यात कळलं. त्या वर्षीच्या कातरणीत एका नराच्या बरगडीवर मशीनचं पातं लागलं आणि चांगलीच चीर पडली. मी म्हणालो, जनावर हललं. आपा डोकं धरून बसली होती. जनावर हललं नव्हतं हे तिला माहीत होतं. तिने औषध आणून लावलं.

म्हाताऱ्या माणसाला इकडे कामावाचून कुणी ठेवत नाही, असं मी धरून चाललो होतो. अरबाबने तसं कधी म्हटलं नव्हतं. पण कातरता येत नाही म्हटलं की पुढचा व्हिसा कशासाठी, आणि मी गेलो की आपाही गेली, असं मी मनाशी जुळवून ठेवलं होतं. त्यामुळे गप्प राहण्यात तिचंच भलं आहे, अशीही मी स्वतःची समजूत घातली.

पुढचं वर्ष असं होतं की कातरणीच्या दिवसांतच रमजान आला. मला आयतंच कारण मिळालं. रोज्यात एवढं ताकदीचं काम कसं करायचं, ईद झाली की करू. आपा म्हणाली, "पहाटे करू. सहरी झाल्यावर गारवा असतो." मी म्हणालो, बघू. ईद झाली. मग अरबाबच्या घरी पाहुणे होते. मग म्हणालो, मशीनचं पातं धार लावायला दुबईत अल क्वोजला पाठवलंय. पातं माझ्याच कपाटात होतं. वापरून बोथट झालेलं नव्हतं, धुऊन पुसून ठेवलेलं होतं.

ऊन वाढत गेलं. डोंगर सकाळी आठलाच तापायला लागले. समुद्रावरून दमट हवा यायची आणि अशा हवेत कूलर नुसता पाणी पितो, गारवा देत नाही. जनावरं खायची कमी झाली. दुपारभर कूलरच्या तोंडाशी एकमेकांना ढकलत उभी राहायची. तपकिरी मादी गाभण होती. ती सगळ्यांत आधी बसायची आणि सगळ्यांत शेवटी उठायची.

आपा रोज विचारायची. "पातं आलं काय रे?"

"येईल. इन्शाल्ला, या आठवड्यात."

"मेंढ्या कातरणारे पठाण आहेत ना धैदकडे, त्यांना बोलाव."

"फोन केलाय. त्यांना वेळ नाही."

फोन मी केला नव्हता. एक दिवस ती सरळ म्हणाली, "मशीन मला दे. डोकं तू धर. इतकी वर्षं बघतेय, येईल मला." मी म्हणालो, "हे बायकांचं काम नाही." यावर ती मला टोचून बोलेल असं वाटलं होतं. ती नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली. मी हात मागे घेतले.

मग जिल्हेजचा, म्हणजे बकरी ईदच्या महिन्याचा, चंद्र दिसला. बकरी ईदला ज्याला कुर्बानी करायची आहे, त्याने हा चंद्र दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत आपले केस आणि नखं कापायची नसतात. आमच्यात हे लहान मुलालाही माहीत असतं. त्या संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या सकाळी आपाने तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "आता ईदपर्यंत कातरायचं नाही. चंद्र झाला."

ती हसली. "अरे, तो हुकूम तुझ्या दाढीला आहे. त्यांच्या अंगाला कशाला? का त्यांचीच कुर्बानी द्यायचीय तुला?"

"जनावर अरबाबचं. तो कुर्बानी करणार. उगाच शंका नको."

"शंका कसली? विचार त्यालाच."

"तू जास्त शिकलीस काय?"

हे मी तिला विचारलं. जिने मला अलिफ ओढायला शिकवलं, तिला. ती उठून कामाला गेली.

अराफाच्या दिवशी, म्हणजे ईदच्या आदल्या दिवशी, आपाने रोजा धरला होता. मी धरला नव्हता, औषधं चालू आहेत म्हणून. दुपारी वीज गेली. मेन स्विच पडला होता. मी तो वर केला की पुन्हा खाली येत होता. शेडमधले पंखे थांबले आणि त्या शांततेत जनावरांचा हुं-हुं आवाज एकदम मोठा झाला. आपाची हाक आली तेव्हा मी विजेच्या पेटीपाशीच होतो. तपकिरी मादी आडवी पडली होती. मान जमिनीला, तोंड उघडं, नाकपुड्या फाकलेल्या. अल्पाका तोंडाने श्वास घ्यायला लागला की वेळ थोडी उरलेली असते.

मी पाण्याची नळी ओढली आणि तिच्या पाठीवर धरली. आमच्या गावात म्हैस तापली की पाठीवर पाणी ओततात, लहानपणापासून तेच पाहिलेलं. आपा ओरडली, "पाठीवर नको, पाठीवर नको. लोकर भिजली की आतल्या आत उकडेल ती. पोटाला मार, मांड्यांना मार." ते मलाही ठाऊक होतं. त्या परदेशी माणसाने बजावून सांगितलं होतं. ऐन वेळी हाताने जुनंच केलं. मी नळी खाली वळवली, पण पाठीवरची लोकर तोवर पाण्याने जड झाली होती.

आपाने खोलीतून कापडाची कात्री आणली आणि गुडघ्यांवर बसून तिच्या पोटाची, बगलेची लोकर भराभरा कापायला लागली. रोज्याने तिचे ओठ सुकले होते. "मशीन आण," ती म्हणाली.

मी हललो नाही.

"पातं घरात आहे. मला माहीत आहे. आण."

मी आणलं. पण वीज नव्हती, आणि मशीन विजेवर चालायचं. हे दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं. आपाने पुन्हा कात्री उचलली. मी स्विचकडे पळालो. कुठला कूलर शॉर्ट झालाय ते शोधून त्याची वायर काढली, आणि पंखे सुरू झाले. परत आलो तेव्हा आपाने कात्री खाली ठेवली होती. मादीचं पोट अजून हलत होतं, पण ते आतल्या पिल्लाचं हलणं होतं. थोड्या वेळाने तेही थांबलं.

बाकीची जनावरं पंख्यासमोर वाचली.

ईदची नमाज करून अरबाब थेट शेतावर आला. नव्या पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यात, अत्तर लावून. मी फोनवर फक्त "एक मर गई" एवढंच सांगितलं होतं. तो शेडमध्ये उभा राहून उरलेल्या जनावरांच्या अंगावरच्या दाट लोकरीत बोटं घालून बघत राहिला. मग मला विचारलं, "काटा क्यों नहीं?"

मला आजही तो क्षण आठवतो. उत्तर तयार नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. रात्रभर मी तेच जुळवत होतो.

मी म्हणालो, "अरबाब, मेरी बहन पुराने खयाल की है। चांद हो गया तो बोली, अब किसी का बाल नहीं काटना। मैंने समझाया। नहीं मानी।"

"और उसके पहले?"

"पहले रमजान था. फिर मशीन खराब थी. जब ठीक हुई, तब चांद हो गया."

त्याने आपाला बोलावलं. ती ओढणी सावरत आली. त्याने आवाज चढवला नाही. "अम्मा, आपने मना किया था काटने को? चांद की वजह से?"

आपाने माझ्याकडे पाहिलं. तिला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. माझे हात तेव्हा पाठीमागे होते, एकमेकांत घट्ट धरलेले. तिने तेही पाहिलं असावं.

"हां," ती म्हणाली. "मैंने बोला था. गलती हो गई."

अरबाबने तिला समजावून सांगितलं. अगदी अदबीने, लहान मुलाला सांगावं तसं. "अम्मा, ये हुक्म इंसान के लिए है, जो कुर्बानी करे। जानवर के लिए नहीं।" ती मान खाली घालून ऐकत होती. धर्माचा जो मसला, जो नियम, तिने पोरांच्या कितीतरी पिढ्यांकडून घोकून घेतला होता, तो ती पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकत होती. मी शेजारी उभा होतो.

जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "इनको घर भेज दो. उमर हो गई है. यहां गर्मी भी बहुत है. खलास." त्याला दयाच आली होती. त्याने तिला तिकीट दिलं, तिच्या सामानात खजुराचे डबे दिले. ईद संपताच धैदचे पठाण आले आणि त्यांनी सगळी जनावरं एका सकाळी कातरून टाकली. अरबाब मला म्हणाला, "अब हर साल ये ही आएंगे। तुम्हारी भी उमर है, तुम बैठ के देखो।" माझ्या व्हिसाचं त्याने नावही काढलं नाही. तो आपोआप नवा झाला. म्हणजे मी एवढं ज्याला घाबरलो होतो, ते तिथे कधी नव्हतंच.

आपाने सामान बांधलं तेव्हा मी दारात उभा होतो. तिने चाती आणि पिंजायचे ब्रश मागे ठेवले. "तिकडे कुठली लोकर," म्हणाली. विमानतळावर जाताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत राहिली. मधेच म्हणाली, "हाताचं डॉक्टरला दाखव."

आमची माणसं फुजैरापासून गावापर्यंत सगळीकडे पसरलेली. ती गावी पोचायच्या आधी गोष्ट पोचली होती. कुणी सांगितली हेही लिहितो. मीच सांगितली. शुक्रवारी मशिदीबाहेर एकाने विचारलं, आपा अचानक का गेली? मी अरबाबला सांगितलं तेच त्याला सांगितलं. एकदा सांगितलेलं बदलायची सोय नव्हती. गावात लोक म्हणायला लागले, जिला कुर्बानीचा साधा मसला कळत नाही, ती पोरांना काय शिकवणार. आधी दोन घरांनी मुलं पाठवायचं बंद केलं. मग मदरशाचे नवे मौलवी आले आणि उरलेली तिकडे गेली. पडवी रिकामी झाली. हे मला फोनवर दुसऱ्यांकडून कळायचं. ती स्वतः म्हणायची, "आता उसंत मिळते. बरं आहे."

तिच्या शेवटच्या वर्षी मी गावी गेलो होतो. फक्त हे सांगायलाच गेलो होतो. विमानात शब्द पाठ केले होते. ठरवलं होतं की आधी तिला सांगायचं, मग शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेनंतर लोकांसमोर उभं राहून सांगायचं. तिने माझ्यासाठी सुरमई तळली होती. जेवून आम्ही पडवीत बसलो. तिने जनावरांची चौकशी केली. कोण गाभण आहे, काळ्याचा पाय बरा झाला का, शाली आता कोण विणतं. मी सांगत गेलो. मग मी म्हणालो, "आपा, त्या ईदला..."

ती म्हणाली, "होय रे, ऊनच फार होतं त्या वर्षी."

तिने वाट करून दिली आणि मी त्या वाटेने बाहेर पडलो. म्हणालो, "होय, फारच." थोड्या वेळाने शेजारची बाई आली, बोलणं दुसरीकडे गेलं. जुम्म्याला मी मशिदीत मागच्या रांगेत बसलो आणि नमाज संपल्याबरोबर चपला घालून निघालो. परत आल्यावर पावसाळ्यात फोन आला की ती गेली. दफनाला मला पोचता आलं नाही.

आता हे वाचणाऱ्या गावच्या माणसांसाठी सरळ लिहितो. आपाने कातरायला कधीही मनाई केली नव्हती. ती रमजानपासून रोज कातरा म्हणत होती. मसला तिला बरोबर माहीत होता, आणि तो तिने मलाही सांगितला होता. तिच्याकडे जे शिकले, ते खरंच शिकले आहेत.

आणि तिच्यासाठी, जे पडवीत माझ्या तोंडातून निघालं नाही, ते असं होतं: आपा, मी अरबाबला खोटं सांगितलं. माझे हात चालत नव्हते, ते कुणाला कळू नये म्हणून मी तुला अडाणी ठरवलं. तुला ते माहीत होतं, तरी तू माझी लाज राखलीस आणि मी ती राखू दिली. माझी चूक झाली. मला माफ कर.